केशनिर्मूलन : लेसर की विद्युत्‌सूची?

वस्तऱ्याने काढलेला केस दोनतीन दिवसांत पुन्हा दिसू लागतो. दोऱ्याने किंवा चिमट्याने उपटलेला केस काही आठवड्यांनी परत येतो. याचे कारण असे की, त्वचेबाहेर दिसणारा भाग म्हणजे संपूर्ण केस नव्हे. त्वचेत खोलवर असलेल्या एका सूक्ष्म पिशवीतून, म्हणजे केशपुटकातून, तो वाढत असतो, आणि केस गेला तरी ही पिशवी शाबूत राहते. केस कायमचा घालवावयाचा असेल, तर केशपुटकात नवा केस घडविणाऱ्या कोशिकाच नष्ट केल्या पाहिजेत. यासाठी आज मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात : विद्युत्‌सूची आणि लेसर. त्यांचे साध्य एक, परंतु साधने अगदी भिन्न आहेत. ही भिन्नता ध्यानात न घेता केलेली निवड पैशाचा अपव्यय तर करतेच, पण प्रसंगी चेहऱ्यावर डागही ठेवून जाते.

विद्युत्‌सूचीचे कार्य

दोहोंपैकी ही पद्धती जुनी. पापण्यांचे केस आत वळून डोळ्यांना टोचू लागले म्हणजे ते उपटावे लागत. पण थोड्याच दिवसांत ते पुन्हा उगवत. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी अशा केसाच्या मुळाशी बारीक तार घालून तीतून सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडला, आणि १८७५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. शरीरातील द्रवात पाणी व मीठ असते. सुईला विद्युत्‌घटाचा ऋण ध्रुव जोडला की तिच्याभोवती या मिठाच्या पाण्याचे विच्छेदन होऊन दाहक सोडा तयार होतो, आणि तो भोवतालच्या कोशिकांचा नाश करतो. पुढे अतिशीघ्र दिशा बदलणारा प्रवाह वापरून उष्णतेने तेच काम साधण्याची रीत निघाली. या दोन्ही रीतींचा मिलाफही आज वापरात आहे.

या पद्धतीत केसाच्या रंगाचा प्रश्नच येत नाही. काळा, पांढरा, भुरा, जाड वा बारीक, कोणताही केस तिला सारखाच. उणीव ही की, प्रत्येक केशपुटकात स्वतंत्रपणे सुई घालावी लागते. म्हणून हनुवटीसारख्या लहान जागेसही अनेक बैठका लागतात, आणि काम पुरे होण्यास बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जातो. सुई निर्जंतुक व हात कसबी नसेल, तर जंतुसंसर्ग होण्याचे व व्रण उरण्याचे भय असते.

लेसरचे कार्य

थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर सिद्ध केला. उन्हात ठेवलेले काळे भांडे पांढऱ्या भांड्यापेक्षा लवकर तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. लेसरने केस घालविण्याचे तत्त्व हेच होय. योग्य तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ सोडला, तर त्वचेला फारशी इजा न होता केवळ रंगीत भाग तापविता येतो, असे अँडरसन व पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिले. केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून तापते, आणि ती उष्णता केशपुटकास निकामी करते.

यावरून लेसरच्या मर्यादाही उलगडतात. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसल्याने त्यावर लेसर चालत नाही. तसेच वाढीच्या अवस्थेतील केसांवरच त्याचा चांगला परिणाम होतो; सर्व केस एकाच वेळी या अवस्थेत नसतात, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने सहा किंवा अधिक बैठका घ्याव्या लागतात. या काळात केस वस्तऱ्याने काढण्यास हरकत नाही. उपटू मात्र नयेत, कारण मग प्रकाश शोषणारा भागच नाहीसा होतो.

सावळ्या त्वचेचा प्रश्न

आपल्या देशातील बहुतेकांच्या त्वचेतही मेलॅनिन विपुल असते. चुकीचा लेसर वापरल्यास केसाऐवजी त्वचाच तापते, आणि भाजल्याचे काळे किंवा पांढरे डाग उमटतात. ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेसर गोऱ्या त्वचेस अधिक मानवतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर खोल जातो, मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो, आणि म्हणून सावळ्या त्वचेस अधिक सुरक्षित ठरतो. कोणता लेसर वापरणार हे आधी विचारणे, आणि लहानशा जागी चाचणी करून घेणे, हा रुग्णाचा हक्क आहे. गालावरील व मानेवरील बारीक लव लेसरने क्वचित उलट जाड होते, हेही सांगितले पाहिजे. विद्युत्‌सूचीने होणाऱ्या दाहामुळेही सावळ्या त्वचेवर काळसर डाग पडू शकतात. व्रण फुगून वाढण्याची ज्यांची प्रवृत्ती असते त्यांनी विशेष जपावे.

निवड कशी करावी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या दोन पद्धतींसाठी वापरलेले शब्द लक्षणीय आहेत. विद्युत्‌सूचीस ‘कायमचे निर्मूलन’ म्हटले जाते, तर लेसरला ‘कायमची घट’. म्हणजे लेसरनंतर केस विरळ व बारीक होतात, पण काही उरतात किंवा परत येतात. तथापि पाय, काख अशा विस्तृत जागेवरील जाड काळ्या केसांसाठी लेसरच व्यवहार्य होय. मोजके, पांढरे किंवा फिकट केस असतील तेथे सुईच उपयोगी पडते. काळे व पांढरे केस मिसळलेले असतील, तर आधी लेसरने काळे केस कमी करावेत, आणि उरलेल्यांसाठी सुई वापरावी.

तत्पूर्वी एक गोष्ट आवश्यक आहे. स्त्रीच्या हनुवटीवर व ओठावर जाड केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित झाली, तर बहुधा संप्रेरकांचा असमतोल, विशेषतः बीजांडकोशाचा पीसीओएस हा विकार, त्याच्या मुळाशी असतो. हे कारण कायम राहिल्यास जुने केशपुटक नष्ट केले तरी शेजारच्या पुटकांतून नवे केस येतच राहतात. मग दोष पद्धतीस दिला जातो आणि पैसा मात्र जातो. अनेक स्त्रिया लाजेपोटी वर्षानुवर्षे हे केस गुपचूप उपटत राहतात आणि वैद्याकडे जात नाहीत. ही लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. तात्पर्य, प्रथम कारणाचा शोध घ्यावा, नंतर केसाचा व त्वचेचा रंग पाहावा, आणि मगच साधन निवडावे.