शेजारणीला विचारले, मला का नाही?

कवठे महांकाळ तालुक्यातल्या एखाद्या गावात असे सहज घडू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ताई टॅब घेऊन येतात, ठरलेल्या घरांत जातात आणि पुढच्या गावाला निघतात. संध्याकाळी दोन बायका गिरणीत भेटतात. एकीला मुलांच्या लसी, गरोदरपणातल्या तपासण्या, संडास, चूल की गॅस एवढेच विचारलेले असते. दुसरीला हे सगळे झाल्यावर आणखीही बरेच विचारलेले असते. एड्सबद्दल काय माहीत आहे, आणि मग, बाकीच्यांना बाहेर पाठवून, नवरा कधी हात उचलतो का. पहिलीला वाटते, मला का वगळले? दुसरीला वाटते, माझ्याबद्दल कुणी काही सांगितले की काय?

कुणी काही सांगितलेले नसते. कोणत्या घरी छोटी प्रश्नावली आणि कोणत्या घरी मोठी, हे आधीच चिठ्ठी टाकल्यासारखे ठरलेले असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते. २०१९-२१ च्या फेरीत देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार घरे आणि ७ लाख २४ हजार महिला होत्या. मोठी प्रश्नावली मात्र फक्त १५ टक्के घरांसाठी होती.

सगळ्यांना सगळे का विचारत नाहीत? ओपीडीत बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला याचे उत्तर माहीत असते. रुग्णाला एका दमात चाळीस प्रश्न विचारले, की शेवटची दहा उत्तरे 'नाही, नाही' अशीच येतात. सर्वेक्षणात तर माणूस आणखी एक गोष्ट पटकन शिकतो. 'हो' म्हटले की चार उपप्रश्न येतात आणि 'नाही' म्हटले की सुटका होते. चुलीवर भाकरी करायची राहिलेली बाई कोणते उत्तर देईल? म्हणून लांबलचक यादीचे तुकडे करायचे आणि कोणता तुकडा कोणाला, हे नशिबावर सोडायचे.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त शीत कुठून उचलले याला महत्त्व आहे. वरवरचे उचलले तर तळाचा करपलेला भात कळत नाही. नमुना निवडण्याच्या या शास्त्रात मोठे काम करणारे डॉ. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पिकाचा अंदाज घेण्यासाठी कोणत्या शेतातला कोणता तुकडा कापायचा, हे माणसाच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवावे, यावर त्यांनी बरेच काम केले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि पोषणाच्या प्रश्नाकडे वळले.

निवड माणसाच्या हाती राहिली तर काय होते? सासू समोर बसली आहे म्हणून विचारणारी ताई अवघड प्रश्न गाळते. बाई हसतमुख दिसते, तिला कशाला विचारायचे, असेही वाटते. मग जिथे प्रश्न विचारायलाच हवा होता, नेमकी तीच घरे सुटतात. ज्या घरांना चिठ्ठीने वगळले, त्यांच्यामुळे हिशेब बिघडत नाही. संकोचाने वगळलेल्यांमुळे बिघडतो, आणि तो बिघडला आहे हे आकड्याकडे पाहून कळतही नाही.

मारहाणीच्या प्रश्नांना आणखी एक कुंपण आहे. घरात विचारण्याजोग्या तीन बायका असल्या तरी हे प्रश्न एकीलाच, तिचीही निवड चिठ्ठीने. सासू, जाऊ, नणंद यांना काय विचारले गेले हे कळू नये म्हणून. एकांत मिळाला नाही तर हे प्रश्न विचारायचेच नाहीत, असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अशा संशोधनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही बाईची सुरक्षितता आधी, माहिती नंतर, असाच क्रम आहे.

हल्ली व्हॉट्सॲपवर आरोग्याचे फॉर्म फिरतात. तिथेही ही युक्ती चालते. समजा ६० प्रश्न आहेत. वय, शिक्षण यांसारखे १५ सगळ्यांना ठेवायचे, उरलेल्या ४५ चे तीन गठ्ठे करायचे आणि प्रत्येकाला संगणक निवडेल तो एकच गठ्ठा दाखवायचा. माणूस ३० प्रश्नांत सुटतो. किंमत मात्र मोजावी लागते. ९०० जणांनी फॉर्म भरला, तर गठ्ठ्यातल्या प्रश्नाला ३०० च उत्तरे मिळतात. टक्केवारीत तीन-सव्वातीनने इकडेतिकडे होण्याची शक्यता पावणेसहापर्यंत जाते. शिवाय तंबाखूचा प्रश्न पहिल्या गठ्ठ्यात आणि तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचा तिसऱ्यात गेला, तर दोन्हींची उत्तरे देणारा एकही माणूस सापडत नाही. मग त्यांचा संबंध कसा शोधणार? असे प्रश्न एकाच गठ्ठ्यात बांधावे लागतात, आणि त्यासाठी फॉर्म करणाऱ्याला विषय कळावा लागतो. आणि ज्या आजीच्या हातात मोबाइलच नाही, ती प्रश्न कितीही पिसले तरी बाहेरच राहते.

किंमत कुटुंब सर्वेक्षणालाही चुकलेली नाही. २०१९-२१ च्या अहवालानुसार देशात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९ टक्के महिलांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघींत एक. पण सांगली जिल्ह्याची माहितीपत्रिका उघडली तर लसी आहेत, रक्तक्षय आहे, प्रसूती आहेत. हिंसेचा आकडा नाही. १५ टक्के घरे आणि घरटी एक बाई एवढ्यावर राज्याचा आकडा उभा राहतो, जिल्ह्याचा राहत नाही. तालुक्याचा तर प्रश्नच नाही. कवठे महांकाळच्या नावावर उरते ती फक्त दवाखान्यातली नोंद. 'बाथरूममध्ये पडले' म्हणून आलेल्या बाईच्या दोन्ही दंडांवर सारखे वळ असतात, आणि केसपेपरवर 'पडून इजा' एवढेच लिहिले जाते. जी आलीच नाही तिचा तर केसपेपरही नसतो.

ही उणीव भरायची तर जिल्ह्यासाठी मोठ्या प्रश्नावलीची घरे वाढवावी लागतील. त्याला पैसे लागतील, प्रशिक्षण घेतलेल्या आणखी ताई लागतील. तोवर हाती आहे ते एवढेच, की ताई घरी आल्या आणि 'जरा दोघींनाच बोलू द्या' म्हणाल्या, तर घरातल्यांनी अंगणात जाऊन बसावे. आणि जिच्या वाट्याला ती चिठ्ठी आली नाही, तिला सांगायचे असेलच, तर त्यासाठी महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.