मौनाची सक्ती: आणीबाणीतील भीतीची घडण

नागरिकांनी गप्प बसावे यासाठी राज्यसंस्थेला प्रत्येकावर पहारा ठेवावा लागत नाही. बोलण्याची किंमत काय पडेल हे कोणालाच नेमके कळू नये, एवढी तजवीज केली की उरलेले काम लोक स्वतःच करतात. २५ जून १९७५ च्या रात्री लागू झालेल्या आणि २१ मार्च १९७७ रोजी उठवण्यात आलेल्या अंतर्गत आणीबाणीकडे या दृष्टीने पाहिले, तर त्या काळातील शांततेमागे तुरुंगांइतकाच अनिश्चिततेचाही हात होता असे दिसते.

या अनिश्चिततेचा पाया ‘मिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याने घातला. खटला न चालवता स्थानबद्ध करण्याची मुभा त्यात होतीच. आणीबाणी लागू होताच त्यात दुरुस्ती करून स्थानबद्धतेचे कारण कळवण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले. हा कायदा आणि भारत संरक्षण नियम यांखाली मिळून एक लाखाहून अधिक लोकांना अटक झाल्याचे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने पुढे नोंदवले. अटकेचे कारणच कळत नसेल, तर कोणते बोलणे धोक्याचे हेही कळत नाही आणि सावध माणूस सगळेच बोलणे टाळू लागतो. बेकायदा कैदेविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग म्हणजे देहोपस्थितीची, अर्थात ‘हेबिअस कॉर्पस’ची याचिका; तोही सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने बंद केला. एकट्याने विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांची ज्येष्ठता डावलून जानेवारी १९७७ मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले.

वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी, म्हणजे मजकूर छापण्याआधी सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घेण्याची सक्ती, लादली गेली. ‘इंडियन एक्सप्रेस’ने २८ जून रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, पुढे अशी कोरी जागा सोडण्यासही मनाई झाली, म्हणजे मौन लादले गेले आहे हे दाखवण्याचीही सोय राहिली नाही. संसदेतील कामकाजाचे वृत्त छापणाऱ्यांना १९५६ पासून असलेले कायद्याचे संरक्षणही रद्द झाले. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडलेला ‘मौनाच्या आवर्ता’चा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो: आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटणारा माणूस एकटे पडण्याच्या भीतीने गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ते मत आणखी दुर्मीळ भासते आणि तशाच मताचे इतर लोकही मागे सरतात. सेन्सॉरने या आवर्ताला सरकारी बळ दिले.

म्हणूनच उघड बोललेल्या एका शब्दाचे मोल त्या काळात मोठे होते. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, सरकारविरोधी आंदोलनाचे आजारी नेते जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगवास घडला. ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी त्यातील मजकूर अडवल्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देऊन सरकारी धोरणावरील टीका निकोप लोकशाहीला आवश्यक असल्याचे स्पष्ट केले.

मौनाची झळ अखेर राज्यकर्त्यांनाही लागली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील अनेक बळजबरीने, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले, जे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आले नाही. या सक्तीविरुद्ध साचलेला संताप वृत्तपत्रांत उमटत नव्हता, त्यामुळे त्याची खोली दिल्लीला मतमोजणीतच कळली: मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही आणि खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही अशी तरतूद केली आणि संसदीय वृत्तांना घटनात्मक संरक्षण दिले. असे हक्क शूर माणसांपेक्षा सामान्य माणसांना अधिक लागतात. शूर माणसे हक्क नसतानाही बोलतात, परंतु अटकेचे कारण विचारता येते आणि दाद मागता येते असा भरवसा असल्यावाचून सामान्य नागरिक तोंड उघडत नाही, आणि लोकशाहीचा कारभार त्याच्याच बोलण्यावर चालतो.