साबणातलं समुद्री शेवाळ: घ्यायचं की नको?

मार्गासनीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

आज विषय जरा लांबचा वाटेल. आपण राजगडाच्या पायथ्याच्या बायका, आपल्या दारातून गुंजवणी वाहते. समुद्राचा आणि आपला संबंध काय? आम्हालाही आधी असंच वाटलं होतं. पण गेल्या महिन्याच्या बैठकीत समुद्र थेट आमच्या सतरंजीवर येऊन बसला, त्याची ही गोष्ट.

झालं असं, की एक गृहस्थ बैठकीला आले. समुद्री शेवाळाचा साबण आणि फेसपॅक घरी बनवायचं प्रशिक्षण, सोबत कच्चा माल, साचे, छापील वेष्टनं, असं सगळं मिळून ३६ हजार रुपये. आम्ही बाराजणी, म्हणजे प्रत्येकी तीन हजार. "शहरात या साबणाला फार मागणी आहे, समुद्राचं म्हटलं की बायका डोळे झाकून घेतात," असं ते म्हणाले. दोघीतिघींनी तर तिथंच अंतर्गत कर्जाचा अर्ज लिहायला घेतला.

तेवढ्यात आमच्यातल्या एक काकू बोलल्या. त्यांचं माहेर वरंधा घाटाखालचं, महाडकडचं. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे शेवाळ काढलं कुठून? आमच्याकडं कालवं काढताना बायांची बोटं फाटतात. हे कोण काढतं, त्याला काय मिळतं?" गृहस्थांना उत्तर देता आलं नाही. मग आम्ही ठरवलं, पैसे द्यायच्या आधी एक महिना थांबायचं आणि माहिती काढायची. जी मिळाली ती आज तुमच्यापुढं ठेवतोय, कारण उद्या असं कुणी तुमच्याही गटात येईल.

पहिली गोष्ट. समुद्रातल्या वस्तू आपण कधीपासूनच वापरतोय. टूथपेस्टची नळी दाबली की पेस्ट पाण्यासारखी सांडत नाही, घट्ट राहते. ती घट्ट ठेवायला पुष्कळ पेस्टमध्ये कॅराजिनन नावाची पूड घालतात. ती लाल जातीच्या समुद्री शेवाळातून काढतात. तपकिरी शेवाळातून अल्जिनेट मिळतं, ते क्रीम आणि फेसपॅक दाट करायला लागतं. आगर, म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो आणि मुलांच्या वाढदिवसाला ज्याची जेली करतो, तेही समुद्री शेवाळच. माशांच्या कातड्यातून आणि खवल्यांतून कोलॅजन काढतात. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान बनतं, तेही सौंदर्यप्रसाधनांत जातं.

आता हे शेवाळ येतं कुठून? जगात जेवढं समुद्री शेवाळ निघतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त लागवडीचं असतं. चीन आणि इंडोनेशिया त्यात पुढं आहेत. आपल्या देशात ही शेती मुख्यत्वे तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर होते, आणि तिथं ती बरीचशी बायका आणि त्यांचे बचत गट करतात.

तिथं लावतात त्या शेवाळाचं नाव कप्पाफायकस. ते मूळचं आपलं नाही, फिलिपिन्सकडचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं १९८४ साली ते भारतात आणलं आणि पुढं मंडपमच्या किनाऱ्यावर त्याची लागवड बसवली. २००० सालाच्या सुमारास एका मोठ्या शीतपेयाच्या कंपनीनं त्यात पैसा घातला आणि गटांच्या बायका या शेतीत आल्या.

शेती कशी, तेही सांगतो. बांबूचा चौकोनी तराफा करतात, १२ फूट लांब, १२ फूट रुंद. त्यावर दोऱ्या ताणतात आणि दोरीला शेवाळाचे तुकडे बांधतात, जसे आपण तोरणाला पानं बांधतो. मासे खाऊ नयेत म्हणून खालून जाळी लावतात. तराफा उथळ समुद्रात नांगरून ठेवायचा. खत नाही, पाणी घालायचं नाही, जमीन लागत नाही. ४५ दिवसांनी काढणी.

आता हिशेब. एका तराफ्याला साधारण ६० किलो बियाणं लागतं आणि ४५ दिवसांनी साधारण २६० किलो ओलं शेवाळ निघतं. त्यातलं ६० किलो पुढच्या लागवडीला बाजूला ठेवायचं. उरलं २०० किलो. ते उन्हात वाळवलं की हाती येतं २० किलो. दहा किलो ओल्याचं एक किलो सुकं. म्हणून एका कुटुंबाला पोट भरायचं तर चाळीस-पंचेचाळीस तराफे सांभाळावे लागतात. हे सुकं शेवाळ किलोच्या भावानं कारखान्याला जातं. तिथं ते क्षारात उकळून, धुऊन, दळून कॅराजिनन होतं. खरी किंमत तिथं वाढते. आपण भात विकतो आणि शहरात त्याच तांदळाचं पीठ सुंदर डबीत दिसतं, तसंच हे.

लागवडीच्या आधीपासून, पिढ्यान् पिढ्या, तिथल्या बायका समुद्रात बुड्या मारून खडकावरचं रानटी शेवाळ काढत आल्या. साडीवर पुरुषाचा शर्ट घालायचा, बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, श्वास रोखून खाली जायचं. १९८६ साली मन्नारच्या आखातात राष्ट्रीय उद्यान झालं आणि ज्या बेटांजवळ आया-आज्या जायच्या तिथं जायला बंदी आली. पोट तर भरायचं होतं. मग या बायकांनी आपसात नियम ठरवले. महिन्यातले बाराच दिवस काढायचं, आणि माशांच्या विणीच्या हंगामात मासेमारी बंद असते तेव्हा शेवाळही काढायचं नाही. चिन्नापालम गावच्या लक्ष्मी मूर्ती या त्यांच्या पुढारी. त्यांना २०१५ साली सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार बेटांचं पर्यावरण जपणाऱ्यांना देतात. बुड्या मारून शेवाळ काढणाऱ्या बाईला तो मिळाला, हे ऐकून आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या.

मग लागवड म्हणजे सगळं चांगलंच का? तसंही नाही. कप्पाफायकस बाहेरचं आहे आणि झपाट्यानं वाढतं. २००८ साली संशोधकांनी लिहिलं, की मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ ते पोवळ्यांवर पसरलंय आणि पोवळी त्याखाली गुदमरतायत. पोवळी मेली की तिथं वाढणारे मासे जातात. आपल्याकडं घाणेरी आणि गाजरगवत आलं तेव्हा काय झालं, ते आपण पाहिलंच आहे. दुसरी अडचण तापमानाची. २०१३ नंतर समुद्राचं पाणी तापलं, रोग आला, आणि तिथलं उत्पादन एकदम घसरलं. सगळा भार एकाच पिकावर टाकला की असं होतं.

झांजिबार नावाचं आफ्रिकेजवळ एक बेट आहे. तिथंही शेवाळाची शेती बहुतेक बायकाच करतात. तिथंही पाणी तापल्यावर पीक मरायला लागलं आणि सुक्या शेवाळाला भाव नव्हता. तेव्हा काही बायकांनी शेवाळाची पूड करून, खोबरेल तेलात साबण बनवून पर्यटकांना विकायला सुरुवात केली. आमच्याकडं आलेल्या गृहस्थांनी सांगितलेली कल्पना तीच. फरक इतकाच, की त्या बायकांच्या दारात शेवाळ आहे, तेल आहे आणि गिऱ्हाईकही आहे.

आपल्या कोकणात काय? तिथं पावसाळ्यात समुद्र खवळतो, नद्यांचं गोडं पाणी येऊन खारेपणा कमी होतो, म्हणून तराफे पावसाळ्यानंतरच टाकता येतात. केंद्राच्या २०२० सालच्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळ लागवडीला मदत आहे. सिंधुदुर्गात तर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांच्या मदतीनं बायकांच्या गटांनी खाडीत कालवं आणि खेकडे वाढवले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. खाडी जपली तर पोट भरतं, हे त्यांनी करून दाखवलं.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. क्रीममध्ये स्क्वालीन म्हणून एक तेलकट पदार्थ असतो. तो फार वर्षं खोल समुद्रातल्या मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृतातून काढत. ही मुशी वयात यायलाच पुष्कळ वर्षं लागतात, त्यामुळं मारली की संख्या भरून येत नाही. आता तोच पदार्थ ऑलिव्ह आणि उसापासूनही निघतो. विकणाऱ्याला विचारायचं, तुमचा कशाचा?

दुसरी जास्त महत्त्वाची. "व्हेलची उलटी" म्हणून एक वस्तू अत्तरासाठी लाखो रुपयांना जाते, असं सांगत काही लोक फिरतात. आपल्या भागातल्या तरुण पोरांना त्यात ओढतात. मैत्रिणींनो, स्पर्म व्हेल हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची कुठलीही वस्तू बाळगणं, विकणं हा मोठा गुन्हा आहे. आपल्या पोराला, दिराला हे आजच सांगा. पोवळ्यांनाही तोच कायदा लागू आहे.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. साबण करायचा की नाही?

साबण, क्रीम, फेसपॅक कायद्यानं सौंदर्यप्रसाधनं आहेत. विकायला बनवायची तर सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरच्या चुलीवर बनवून बाजारात ठेवता येत नाही. स्वतःची जागा नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावानं माल बनवून घ्यायचीही सोय नियमांत आहे, पण त्यालाही वेगळा परवाना काढावा लागतो. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ते, आणि घटकांची यादी लागते. जो घटक जास्त तो यादीत आधी येतो. एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी, कसेही.

हे कळल्यावर आम्ही त्या गृहस्थांनी ठेवून दिलेली नमुन्याची वडी पुन्हा पाहिली. समोर निळी लाट आणि हिरवं शेवाळ छापलेलं. मागं परवाना क्रमांक नाही. यादीत शेवाळ सगळ्यात शेवटी, सुगंधाच्याही नंतर. म्हणजे चित्र समुद्राचं आणि माल नेहमीचा. वर "सुरकुत्या जातात, रंग उजळतो" असं लिहिलेलं. खोटा दावा छापायला नियमांत बंदी आहे. हा माल आम्ही आमच्या गटाच्या नावानं विकला असता तर उद्या तपासणी झाली की त्यांच्याआधी आम्हालाच धरलं असतं.

म्हणून आमच्या काकूंच्या एका प्रश्नाचे आम्ही पाच प्रश्न केलेत. ते वहीत लिहून घ्या.

एक, कच्चा माल कुठल्या किनाऱ्यावरचा आणि कुणी काढलेला? दोन, लागवडीचा की खडकावरून ओरबाडलेला? तीन, यादीत तो कितव्या नंबरावर? चार, परवाना कुणाच्या नावावर? पाच, माल विकला गेला नाही तर परत घेणार का, आणि ते कागदावर लिहून देणार का?

गृहस्थ पुन्हा आले तेव्हा आम्ही पाचही विचारले. शेवटच्या प्रश्नावर ते म्हणाले, "एवढं कुणी विचारत नाही." आम्ही चहा पाजून त्यांना निरोप दिला. ३६ हजार खात्यातच राहिले. त्यातून दोघींनी शेळ्यांसाठी कर्ज उचललं आहे.

साबणाचा विचार आम्ही पूर्ण सोडलेला नाही. आपल्याकडं शिकेकाई आहे, रिठा आहे, आवळा आहे, तांदळाचं पीठ आहे. कधी करायचं ठरवलं तर आधी परवाना, मग माल, आणि जे दारात आहे त्यातलाच.

जाता जाता एक. चेहरा घासायच्या काही क्रीममध्ये बारीक प्लॅस्टिकचे दाणे असतात. यादीत पॉलिथिलिन दिसलं तर ते घेऊ नका. ते मोरीतून ओढ्यात, ओढ्यातून गुंजवणीत जातात. गुंजवणी नीरेला मिळते, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. लक्ष्मी मूर्तींच्या मैत्रिणी ज्या बाजूच्या किनाऱ्यावर बुड्या मारतात, त्याच बाजूला आपलं मोरीचं पाणी जातं. चेहऱ्याला बेसन लावा, तांदळाचं पीठ लावा.

तुमच्या गटात असं कुणी आलं असेल, फसगत झाली असेल किंवा वाचली असेल, तर पुढच्या बैठकीत जरूर सांगा.