पेटीतले माणिक

महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, फिनलंडमधील एका चित्रकार बाईंनी मुलांसाठी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यातली मंडळी मोठी विलक्षण होती. अंगाने गोरीपान, गुबगुबीत आणि नाकाने थेट पाणघोडा! बाईंनी त्यांचे नाव ठेवले मूमिन. ह्या बाई म्हणजे टूव्हे यान्सन. त्या स्वीडिश भाषेत लिहीत. पुढे मूमिन देशोदेशींच्या मुलांचे लाडके झाले आणि १९६६ साली यान्सनबाईंना बालसाहित्यातले मानाचे अँडरसन पदक मिळाले.

मूमिनांचे घर म्हणजे आई, बाबा आणि त्यांचा एकुलता मुलगा. पण जेवायच्या टेबलाशी पाहावे तर ही गर्दी! भित्रा स्निफ आहे, चावरी लिटल माय आहे, थंडी आली की निघून जाणारा आणि वसंतात परतणारा भटक्या स्नुफकिन आहे. तू कोण, कुणाचा, किती दिवस राहणार, असे मूमिनआई कुणालाच विचारीत नाही. आणखी एक बिछाना घालते, झाले! आपल्याकडे मानलेला भाऊ, मानलेली मावशी असतात ना, तशीच ही नाती. फरक एवढाच की इथे सारे घरच मानलेले!

दोघांची भाषा, दोघांचे गुपित

१९४८ सालच्या मूमिनकथेत ह्या घरी दोन चिमुकले पाहुणे येतात. नावे टॉफ्स्लान आणि व्हिफ्स्लान. दोघे सदा हातात हात घालून हिंडतात, आपसांत उलटसुलट अक्षरांची भाषा बोलतात आणि एक पेटी जिवापाड जपतात. पेटीत असते एक तेजस्वी माणिक. त्यावर हक्क सांगत, बसेल तिथली जमीन गोठवणारी एक राक्षसीण त्यांच्या मागावर असते. प्रकरण खटल्यापर्यंत जाते. शेवटी जादूची टोपी देऊन तिची समजूत काढली जाते आणि एका मेजवानीच्या रात्री ती दोघे सर्वांसमक्ष पेटी उघडतात.

ही नावे कुठून आली? टॉफ्स्लान म्हणजे टूव्हे आणि व्हिफ्स्लान म्हणजे नाट्यदिग्दर्शिका विविका बांडलर. ह्या दोघींचे एकमेकींवर प्रेम होते. त्या काळी फिनलंडच्या कायद्याने असे प्रेम हा गुन्हा होता, पुरुषांना तसाच स्त्रियांनाही. ते कलम १९७१ साली गेले. आजारांच्या यादीतून ही गोष्ट निघाली ती १९८१ साली. उघड बोलले तर तुरुंगाची भीती. मग दोघींची भाषा वेगळी आणि माणिक पेटीत, ह्यात नवल ते काय!

हिवाळ्यातली सोबत

पुढे १९५५ साली टूव्हेबाईंची ओळख चित्रकार तूलिक्की पिएतिला ह्यांच्याशी झाली. ही सोबत मात्र टूव्हेबाईंच्या निधनापर्यंत, २००१ पर्यंत टिकली. हेलसिंकीत दोघींची बिऱ्हाडे वेगळी, पण माळ्यावरच्या वाटेने जोडलेली! उन्हाळे त्यांनी समुद्रातल्या क्लोव्हहारू नावाच्या एका खडकाळ बेटावर काढले.

१९५७ च्या पुस्तकात तूलिक्कीबाई टूटिकी होऊन आल्या. मूमिन हिवाळाभर झोपतात. पण त्या साली मुलाला अवेळी जाग येते. आईबाप गाढ झोपलेले आणि बाहेर कधी न पाहिलेले बर्फ. अशा वेळी त्याला भेटते टूटिकी. ती त्याला कुरवाळीत बसत नाही; हिवाळा कसा असतो ते त्याचे त्याला पाहू देते आणि जवळ राहते. ज्याला कधी एकटे पडावे लागले आहे, त्याला ह्या सोबतीचे मोल सांगायला नको.

ह्याच टूटिकीने १९६२ च्या एका कथेत निन्नी नावाची मुलगी मूमिनांकडे आणली. सांभाळणाऱ्या बाईच्या कुत्सित बोलण्याने ही पोर इतकी दबली की दिसेनाशीच झाली! नुसती गळ्यातली घंटी वाजे. मूमिनआई तिला प्रश्न विचारीत नाही. आपल्या शालीचा फ्रॉक शिवते, रात्री उशाशी खाऊ ठेवते. हळूहळू पोरीचे पाय दिसू लागतात. पण चेहरा दिसतो केव्हा? मूमिनआईला कुणी पाण्यात ढकलील असे वाटून ती चवताळून चावते तेव्हा. आपले माणूस मिळाले आणि निन्नीला आपले तोंडही मिळाले.

आता कुणी म्हणेल, एवढे सुंदर लिखाण झाले, तर ते लपवणे बरेच की! तसे मुळीच नाही. पेटी भीतीने बंद झाली होती, कलेच्या हौसेने नव्हे. १९९२ साली दोघी फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वातंत्र्यदिन समारंभाला जोडीने गेल्या, तेव्हा टूव्हेबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. तिथे समलिंगी विवाहाचा कायदा अंमलात आला २०१७ साली. तो पाहायला दोघींपैकी कुणीच उरल्या नव्हत्या.

मुलांना गोष्ट वाचून दाखवताना हा सारा इतिहास सांगितलाच पाहिजे असे नाही. त्यांनी विचारले, तर मात्र सरळ सांगावे. आणि आपल्याच घरात एखादे मूल गप्प गप्प राहून दिसेनासे होऊ लागले असेल, तर मूमिनआईची रीत ध्यानात ठेवावी: उलटतपासणी नको, टोमणे नकोत, उशाशी खाऊ आणि टेबलाशी जागा तेवढी राखून ठेवावी.