स्टेंट सगळ्यांना सारखाच लागू पडतो का?

‘८० टक्के ब्लॉकेज आहे’ हे ऐकले की घरचे लगेच सही करतात. पण स्टेंटने जीव वाचेल का, हे फक्त टक्क्यांवर ठरत नाही.

मोठा हार्ट अटॅक आला असेल तर वाहिनी बहुधा पूर्ण बंद असते आणि हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. इथे तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. दुसऱ्या मताची वाट पाहू नका.

जिना चढताना छातीत दुखते, थांबले की बरे वाटते, अशा रुग्णांचे गणित वेगळे आहे. ‘इस्केमिया’ चाचणीत भारतासह ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते. २०२०च्या निकालानुसार, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास करणाऱ्यांत आणि आधी औषधांवर राहणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच होते. वारंवार दुखणाऱ्यांना मात्र स्टेंट-बायपासने जास्त आराम मिळाला. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे त्यांनी हा निकाल स्वतःला लावू नये.

मधुमेहींनी जास्त सावध राहावे. एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असलेल्या १,९०० मधुमेहींवरील ‘फ्रीडम’ चाचणीत (२०१२) पाच वर्षांत स्टेंट गटातले १६.३ टक्के रुग्ण दगावले, बायपास गटातले १०.९ टक्के. पक्षाघात मात्र बायपासनंतर जास्त झाला. तेव्हाचे स्टेंट जुन्या पिढीचे होते, हेही खरे. तरीही अशा रुग्णाने ‘बायपास का नको?’ हे विचारायलाच हवे.

स्टेंट टाकलाच, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.