लोणच्याला बुरशी का येते? तेलाचे आणि मोहरीचे काम

भरपूर तेल घालूनही लोणच्याला बुरशी का येते, असे बचत गटातील महिला नेहमी विचारतात. खाद्यतेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवते. फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्या की तिथेच पांढरी बुरशी धरते.

जंतूंना आवर घालते ते मोहरीतील उग्र तेल. अख्ख्या दाण्यात ते तयार नसते. मोहरी भरडून तिला ओल मिळाली की मायरोसिनेज या विकरामुळे सिनिग्रिनपासून ॲलिल आयसोथायोसायनेट बनते. मोहरी फेसताना नाकात जाते ते हेच. कडकडीत तेलात हे विकर निकामी होते. म्हणून मोहरीची डाळ आधी कैरीच्या फोडींत कालवावी, तेल तापवून पूर्ण गार झाल्यावरच ओतावे. उग्र तेल उडून जाणारे असल्याने बरणीचे झाकण घट्ट हवे.

कैरी स्वतःच आंबट असल्याने निभावते. लसूण, हिरवी मिरची यांचे तसे नाही. आंबटाशिवाय ती तेलात बुडवून ठेवली, तर हवेविना वाढणारा बोटुलिनम जिवाणू विष तयार करू शकतो. ते वासावरून कळेलच असे नाही. येथे मोहरीवर विसंबू नका. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मुरवून सामू 4.6 च्या खाली आहे ना, हे तेल घालण्यापूर्वी तपासा.