तीन मित्र, एक मृत्युपत्र आणि ७९८ चित्रं

२१ मे १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये दोन करारांवर सह्या झाल्या. चित्रकार मार्क रॉथकोला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्याच्या मागे राहिलेल्या ७९८ चित्रांचा सौदा त्या दिवशी त्याच्याच तीन मित्रांनी करून टाकला. १०० चित्रं मार्लबरो या बड्या गॅलरीच्या लिश्टनस्टाइनमधल्या कंपनीला १८ लाख डॉलरला दिली. पैसे १२ वर्षांच्या हप्त्यांनी, बिनव्याजी. उरलेली ६९८ त्याच गॅलरीच्या न्यूयॉर्कमधल्या कंपनीकडे विक्रीसाठी सोपवली, बहुतांशी ५० टक्के कमिशनवर, तीही १२ वर्षांसाठी. रॉथको हयात असताना याच गॅलरीने दरवर्षी त्याची चार चित्रं चालू भावाच्या ९० टक्क्यांनी घ्यायचं कबूल केलं होतं. तो गेल्याबरोबर हिशेब फिरला, आणि तो फिरवणारे लोक त्याने विश्वासाने नेमलेले होते.

रॉथकोचा जन्म १९०३ चा, रशियन साम्राज्यातल्या द्विन्स्कचा. हे गाव आज लॅटव्हियात आहे आणि डौगाव्पिल्स या नावाने ओळखलं जातं. वडील औषधविक्रेते. दहाव्या वर्षी मुलगा अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला पोचला आणि काही महिन्यांतच वडील वारले. येल विद्यापीठ अर्धवट सोडून तो न्यूयॉर्कला आला. बरीच वर्षं ओढगस्तीत काढल्यावर, १९५० च्या सुमारास, त्याला ती शैली सापडली जिने जग त्याला ओळखतं: पुरुषभर उंचीचा कॅनव्हास आणि त्यावर तरंगणारे, कडा विरघळलेले रंगांचे दोन-तीन चौकोन. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेल्या आपल्या वासुदेव गायतोंड्यांचं नाव समीक्षक वारंवार रॉथकोबरोबर घेतात. गायतोंड्यांच्या चित्रासमोर जो कधी थांबला असेल, त्याला रॉथकोच्या रंगांचा ठाव घेणं अवघड जात नाही.

आपली चित्रं कुठे, कोणत्या उजेडात, कोणाच्या शेजारी लागतात याबद्दल हा माणूस कमालीचा हळवा होता. १९५८ मध्ये सीग्राम इमारतीतल्या एका महागड्या रेस्तराँसाठी भित्तिचित्रांचं काम त्याने घेतलं. पुढे तिथे जेवून आल्यावर घेतलेले पैसे परत केले आणि चित्रं स्वतःकडे ठेवली. त्यातली नऊ त्याने लंडनच्या टेट संग्रहालयाला दिली, एका दालनात एकत्र राहावीत म्हणून. ह्यूस्टनच्या प्रार्थनागृहासाठी केलेली १४ चित्रंही अशीच एकमेकांच्या सोबतीने पाहायची आहेत. पुढच्या खटल्याचं खरं मूळ मला इथे दिसतं. अशा चित्रकाराचा वारसा फुटकळ विकणं म्हणजे त्याचं कामच मोडणं होतं.

घरचं मात्र बिनसत गेलं. पहिली पत्नी ईडिथ दागिने घडवायची. १९४४ मध्ये तिच्याशी घटस्फोट झाला. पुढच्याच वर्षी मेरी ॲलिसशी लग्न झालं. तिला सगळे मेल म्हणत. १९५० मध्ये केट आणि १९६३ मध्ये ख्रिस्तोफर जन्मला. १९६८ मध्ये रॉथकोची महाधमनी फुगली आणि डॉक्टरांनी मोठ्या कॅनव्हासवर काम करायला मनाई केली. त्याच वर्षी त्याने मृत्युपत्र केलं: घर आणि काही रक्कम मेलला, बाकी जवळजवळ सगळं त्याच्या नावाने निघायच्या फाउंडेशनला. १९६९ च्या आरंभी तो घर सोडून स्टुडिओत राहायला गेला. तिथेच २५ फेब्रुवारी १९७० रोजी त्याने आयुष्य संपवलं. त्याच दिवशी त्याची नऊ चित्रं टेटमध्ये पोचली होती.

मृत्युपत्राचे एक्झिक्युटर तिघे होते. ते मृत्युपत्र तयार करणारा बर्नार्ड रीस हा हिशेबनीस, अनेक चित्रकारांच्या घरोब्यातला. पण तो मार्लबरोच्या न्यूयॉर्क कंपनीचा संचालक, चिटणीस आणि खजिनदारही होता. थिओडोरस स्टॅमॉस हा चित्रकार, पैशाने तंग. सौद्यानंतर वर्षाच्या आत मार्लबरोने त्याचीही चित्रं विकण्याचा करार केला. तिसरा, मॉर्टन लेव्हिन, मानववंशशास्त्राचा प्राध्यापक. त्याला या व्यवहारात काही मिळणार नव्हतं. मात्र इतर दोघांचे हितसंबंध त्याला ठाऊक होते आणि तरीही त्याने सही केली.

ऑगस्ट १९७० मध्ये मेलही गेली. केट १९ वर्षांची, ख्रिस्तोफर सातचाही नाही. तेव्हाच्या कायद्याने केट अजून अज्ञान होती, म्हणून १९७१ च्या अखेरीस तिच्या वतीने पालक या नात्याने शिल्पकार हर्बर्ट फर्बर कोर्टात उभा राहिला. मागणी अशी की सौदे रद्द करा आणि तिघांना दूर करा. निम्म्याहून अधिक मालमत्ता धर्मादायाला गेली तर मुलांना हरकत घेऊन अर्ध्यावर हक्क सांगता येई, अशी न्यूयॉर्कच्या कायद्यात तेव्हा तरतूद होती. तिच्या आधाराने मुलांचा वाटा उभा राहिला. उरलेला अर्धा फाउंडेशनचा, म्हणजे अंतिमतः जनतेचा. त्यासाठी राज्याचा ॲटर्नी जनरल खटल्यात उतरला. आपल्याकडे धर्मादाय आयुक्ताचं जे काम, तेच इथे त्याने केलं.

१९७२ मध्ये कोर्टाने विक्रीला मनाई केली, तरी गॅलरीने चित्रं हलवलीच. सुनावणी ८९ दिवस चालली. १८ डिसेंबर १९७५ रोजी सरोगेट न्यायाधीश मिलर्ड मिडोनिक यांनी निकाल दिला: तिघे एक्झिक्युटर बाद, सौदे रद्द, न विकलेली चित्रं परत, भरपाई आणि दंड मिळून ९२ लाख ५२ हजार डॉलर. १९७७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो कायम केला.

या निकालातला भरपाईचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. विकायचा अधिकार असलेल्या विश्वस्ताने वस्तू नुसती स्वस्तात विकली, तर विक्रीच्या दिवशीची खरी किंमत आणि मिळालेली किंमत यातला फरक त्याने भरून द्यायचा. लेव्हिनला हाच नियम लागला. त्याच्यावरची जबाबदारी सुमारे ६५ लाखांची ठरली. रीस, स्टॅमॉस आणि गॅलरी यांचं तसं नव्हतं. ज्याचे हात दोन्हीकडे गुंतलेले आहेत त्याने विकायलाच नको होतं, भाव कितीही बरा असो. त्यामुळे हातची गेलेली चित्रं निकालाच्या वेळी ज्या मोलाची झाली होती, ते वाढलेलं मोल त्यांच्याकडून वसूल करायचं ठरलं. अमेरिकेतल्या कायद्याच्या वर्गांत हा खटला आजही शिकवतात. मला यात लेव्हिनचं प्रकरण सर्वांत बोचतं. त्याने वकिलाचा सल्ला घेतला होता, स्वतःसाठी पैसा घेतला नव्हता. न्यायालयाने सांगितलं की एवढ्याने सुटका होत नाही. डोळ्यांदेखत चाललेल्या गोष्टीला सही देणं हाही कर्तव्यभंगच. आपल्याकडच्या किती ट्रस्टच्या बैठकांत इतिवृत्तावर अशाच सह्या होत असतील!

मार्लबरोचा मालक फ्रँक लॉइड याच्यावर पुराव्याच्या कागदांत फेरफार केल्याचा फौजदारी खटला वेगळा चालला आणि तो दोषी ठरला. इस्टेटीचा कारभार केटकडे आला. फाउंडेशन नव्या विश्वस्तांच्या हाती गेलं, आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी आपल्या वाट्याची चित्रं संग्रहालयांना देऊन टाकली. एकट्या वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला कॅनव्हास आणि कागदावरची मिळून २९५ कामं मिळाली. शिवाय शेकडो रेखाटनं. एखाद्या दालनात चार-पाच रॉथको एकत्र बघायला मिळतात, त्यामागे या वाटपाचा मोठा हात आहे. १९७० च्या सौद्यात एका चित्राची सरासरी १८ हजार डॉलर पडली होती. मे २०१२ मध्ये त्याचं नारिंगी, लाल आणि पिवळ्या रंगांचं एक चित्र लिलावात ८ कोटी ६९ लाख डॉलरला गेलं.

केट पुढे डॉक्टर झाली, ख्रिस्तोफर मानसशास्त्रज्ञ. वडिलांनी १९४० च्या सुमारास लिहून बाजूला ठेवलेलं कलाविचारांचं हस्तलिखित ख्रिस्तोफरने संपादित केलं. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. एक गोष्ट मात्र तशीच राहिली होती. रॉथकोचं दफन लाँग आयलंडवर, ईस्ट मेरियनच्या दफनभूमीत, स्टॅमॉसच्या जागेत झालं होतं. आई-वडिलांना एका ठिकाणी आणण्यासाठी या दोन मुलांना पुन्हा कोर्टात जावं लागलं. वडिलांचे अवशेष तिथून हलवायची परवानगी त्यांना २००८ मध्ये मिळाली.